आट्यांचा माणूस : हेन्री मॉड्स्ले

या लेखाची सुरुवात दोन भोकांपासून करावी लागणार आहे, त्याला इलाज नाही.

मागच्या वर्षी रोबोकॉनमध्ये आपल्या कॉलेजचा रोबो दुसऱ्या मॅचला मैदानाच्या मधोमध उभा राहिला तो राहिलाच, हे होस्टेलच्या कुत्र्यालासुद्धा माहीत आहे. मोटार जळाली, असं आम्ही परत आल्यावर सगळ्यांना सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. मोटार जळाली कारण शाफ्ट जाम फिरत होता. शाफ्ट जाम होता कारण डाव्या आणि उजव्या प्लेटमधली बेअरिंगची भोकं एका रेषेत नव्हती. आणि ती भोकं मी पाडली होती. रात्री 2 वाजता, स्टीलची फूटपट्टी, पेन्सिल आणि हँड ड्रिल घेऊन. शाफ्ट बसेना तेव्हा वरून हातोडा मारला. तो बसलासुद्धा, आणि आम्ही टाळ्या वाजवून चहा प्यायला गेलो. नंतर मोजलं तेव्हा फरक जवळजवळ दीड मिलिमीटर निघाला. 14 जणांची 8 महिन्यांची मेहनत त्या दीड मिलिमीटरमध्ये गेली. टीममध्ये मला कोणी काही बोललं नाही, हे जास्त वाईट होतं.

यंदा क्लबला टूल्स घेण्यासाठी 48,000 रुपये मंजूर झाले. रूमवर मीटिंग बसली. एकाला थ्री-डी प्रिंटर हवा, दुसऱ्याला टेबलावर बसणारा छोटा सीएनसी राउटर हवा, तिसऱ्यानं लेझर कटरचे व्हिडिओ दाखवून सगळ्यांची झोप उडवली. मी गप्प होतो, म्हणून यादी करून कारणांसकट लिहून द्यायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये टर्नर काकांना विचारायला गेलो. काकांनी सगळं ऐकून घेतलं, हात पुसले आणि एकच प्रश्न विचारला. यातलं कोणतंही मशीन घ्या, पण त्यातून निघालेला जॉब बरोबर आहे की नाही हे तुम्हाला कळणार कशावरून? मला उत्तर आलं नाही. म्हणून लायब्ररीत गेलो, आणि तिथे हेन्री मॉड्स्ले भेटला.

आपल्या सिलॅबसमध्ये हा माणूस 2 मार्कांचा आहे. स्लाइड रेस्टचा शोध कोणी लावला, उत्तर मॉड्स्ले, संपलं. गंमत म्हणजे ते उत्तरसुद्धा नीट बरोबर नाही, पण त्याकडे नंतर येतो.

हेन्रीचा जन्म 22 ऑगस्ट 1771 चा, लंडनच्या पूर्वेला थेम्सकाठच्या वुलिच गावातला. तिथे इंग्लंडचा मोठा शस्त्रसाठा आणि तोफांचा कारखाना होता, आणि अख्खं गाव त्यावर जगायचं. वडील लष्करात गाड्यांची चाकं बनवायचे. जखमी झाल्यावर त्यांना कारखान्याच्या कोठारात काम मिळालं. हेन्री लहान असतानाच ते वारले. शाळा वगैरे फारशी झालीच नाही. 12 व्या वर्षी पोरगा कारखान्यात लागला, काम काय तर काडतुसांत बंदुकीची दारू भरायची. आपण त्या वयात स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसत होतो. दोन वर्षांनी त्याला सुतारकामात घातलं. पण त्याचं लक्ष रंध्यावर कमी आणि शेजारच्या लोहारशाळेवर जास्त. सारखा तिकडे पळायचा. शेवटी 15 व्या वर्षी त्याला लोहारांकडे पाठवलं, आणि तिथे पोराचा हात बसला. थोड्याच वर्षांत बारीक लोखंडी कामात आणि विशेषतः कानस चालवण्यात हेन्रीचं नाव वुलिचभर झालं.

कानस या विषयावर इथे दोन शब्द बोलायला हवेत. फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनी फिटिंगचा जॉब केला आहे. निम्म्यांनी स्वतः केला आणि निम्म्यांनी सीनियरचा जुना जॉब पॉलिश पेपर मारून दाखवला. मी दुसऱ्या निम्म्यात होतो. कानस सपाट चालवणं ही किती अवघड गोष्ट आहे हे मला यंदा कळलं. हात पुढे गेला की कानस खाली झुकते, मागे आला की वर उठते, आणि सपाट करायला घेतलेला तुकडा बघता बघता उशीसारखा फुगीर होतो. हेन्रीच्या हातात मोठी 18 इंची कानस असली की माणसं काम थांबवून बघायची, असं त्याच्याबरोबर काम केलेल्यांनी लिहून ठेवलं आहे. म्हातारपणीसुद्धा त्याचा हा हात गेला नाही.

त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ ब्रामा नावाचा कारागीर एका नव्या कुलपाच्या मागे लागला होता. 1784 साली त्यानं पेटंट घेतलं होतं. कुलूप कागदावर उत्तम होतं, पण त्यातले बारीक सरकते भाग इतके अचूक लागायचे की लंडनच्या चांगल्या चांगल्या कारागिरांना ते जमेनात. कोणीतरी त्याला वुलिचच्या पोराचं नाव सांगितलं. 1789 साली हेन्री समोर उभा राहिला तेव्हा तो अवघा 18 वर्षांचा होता. ब्रामाला पटेना. शिवाय त्या काळी 7 वर्षांची उमेदवारी केल्याशिवाय कोणाला कारागीर म्हणून उभं करत नसत, आणि हेन्रीकडे तसला कागद नव्हता.

तेव्हा झालेली परीक्षा मला फार आवडते. दुकानात एक झिजून निकामी झालेला व्हाइस पडला होता. हेन्री म्हणाला, संध्याकाळी 6 वाजेपर्यंत हा मी नव्यासारखा करून दिला तर तुमच्या माणसांत मला घ्याल का? त्यानं जबड्यांना नवं पोलाद बसवलं, कानसीनं दात पाडले, पाणी देऊन कडक केले, आणि 6 च्या आधीच व्हाइस बाकावर चढवून ठेवला. आजूबाजूच्या बाकांवरच्या व्हाइसपेक्षा तो बरा दिसत होता. पुढे कागदाचा विषय कोणी काढला नाही.

हे वाचून मी उठलो आणि क्लबच्या खोलीतला आमचा व्हाइस बघून आलो. जबडे गुळगुळीत, स्क्रूमध्ये खेळ, आणि खालचे 4 पैकी 2 बोल्ट गायब. याच्यात पकडून मी त्या प्लेटा कापल्या होत्या. यादीत पहिली ओळ लिहिली : भक्कम 5 इंची व्हाइस, चारही बोल्टांसह.

ब्रामाकडे हेन्री 8 वर्षं होता. कुलपाचा प्रश्न त्यानं कसा सोडवला हे महत्त्वाचं. स्वतःच्या हातानं एकेक भाग घासून तो 10 कुलपं करू शकला असता. त्यानं त्याऐवजी ते भाग करणारी छोटी यंत्रं केली, कुलपातल्या स्प्रिंगा गुंडाळायचं यंत्रसुद्धा. यंत्राला एकदा नीट शिकवलं की दुसरा भाग पहिल्यासारखाच निघतो. ब्रामानं 1790 च्या सुमाराला एक कुलूप दुकानाच्या खिडकीत लावून पाटी लिहिली, की जो हे उघडेल त्याला 200 गिनी बक्षीस. ते कुलूप हेन्रीच्या हातचं होतं. ते उघडलं 1851 साली, एका अमेरिकन कुलूपवाल्यानं, 16 दिवसांत मिळून 51 तास खटपट करून. तोवर ब्रामाही गेला होता आणि हेन्रीही.

हायड्रॉलिक प्रेस आपण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये शिकतो, ते पेटंटही ब्रामाचंच, 1795 चं. पण दाब वाढला की दट्ट्याच्या कडेनं पाणी सुटायचं. पॅकिंग घट्ट आवळावं तर दट्ट्या अडकायचा, सैल ठेवावं तर गळायचा. त्यावर चामड्याची आतून पोकळ अशी वाटीसारखी कडी बसवायची युक्ती हेन्रीची, असं मानतात. पाण्याचा दाबच चामड्याला भिंतीवर दाबतो, जितका दाब जास्त तितकी कडी घट्ट, आणि दाब गेला की ती आपोआप सैल. आमच्या रोबोच्या न्यूमॅटिक सिलिंडरमधलं रबरी यू-सील याच तत्त्वावर चालतं. मी ते 100 वेळा हातात घेतलं असेल, असा विचार कधी डोक्यात आला नाही.

मधे 1791 साली हेन्रीनं सेरा टिंडेलशी लग्न केलं. ती ब्रामाच्या घरी कामाला होती. मुलं झाली, खर्च वाढला. हेन्री आता साऱ्या वर्कशॉपचा प्रमुख होता आणि पगार होता आठवड्याला 30 शिलिंग. 1797 साली त्यानं वाढ मागितली. ब्रामानं नाही म्हटलं, आणि तेही फटकारून. हेन्रीनं नोकरी सोडली. एवढ्या हुशार ब्रामाला काही शिलिंगांचा हिशोब करताना आपल्या हातातून काय निसटतं आहे ते दिसलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. पण असं बघितलंय मी. माझे वडील ज्या कारखान्यात होते तिथेही बघितलंय.

ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळच्या वेल्स स्ट्रीटवर हेन्रीनं छोटं दुकान टाकलं. पहिली ऑर्डर काय, तर एका चित्रकाराला चित्र ठेवायची लोखंडी घोडी हवी होती. तीही त्यानं मनापासून केली असणार. पुढे 1800 मध्ये मार्गारेट स्ट्रीटवर मोठी जागा घेतली. आणि याच वर्षांत तो लेथ झाला, ज्याच्यामुळे तो आपल्याला 2 मार्क मिळवून देतो.

त्याच्या आधी लेथ नव्हता का? होता की, हजारो वर्षांपासून होता. पण हत्यार माणूस हातात धरायचा, आडव्या टेकूवर टेकवून, अंगाचा भार देऊन. लाकडाला ते ठीक आहे. लोखंडाला तसं कापायचं म्हणजे दिवसभर हत्याराशी कुस्ती, आणि जॉबचा गोलपणा टर्नरच्या खांद्यावर अवलंबून. हत्यार सरकत्या गाडीत घट्ट बसवायची कल्पना हेन्रीच्या आधी फ्रान्समध्ये व्होकांसाँनं वापरली होती, इंग्लंडमध्ये रॅम्सडेननं उपकरणांसाठी स्क्रू कापायचं यंत्रही केलं होतं. म्हणून वर म्हटलं, की ते 2 मार्कांचं उत्तर पूर्ण बरोबर नाही. हेन्रीनं काय केलं, तर पूर्ण लोखंडी बांधणी, अचूक सपाट स्लाइड, लीड स्क्रू आणि बदलता येणारी गिअर्स ही सगळी एका जागी आणली, आणि अशी आणली की रोजच्या धंद्यात वापरता यावीत. गिअर बदलले की एकाच लीड स्क्रूवरून वेगवेगळे आटे. आपल्या वर्कशॉपमधल्या लेथच्या डाव्या अंगाचं झाकण उघडून बघा, आत तेच आहे.

पण खरी गोम पुढे आहे. अचूक आटे पाडायला आधी अचूक लीड स्क्रू हवा. तो कुठून आणायचा? तो पाडायला आणखी अचूक स्क्रू लागणार. कोंबडी आधी की अंडं! यावर हेन्री वर्षानुवर्षं झगडला. एक पद्धत अशी : लाकडाचा किंवा कथलासारख्या मऊ धातूचा गोल दांडा फिरवायचा आणि त्यावर एक धारदार पातं ठरावीक कोनात तिरकं टेकवायचं. दांडा फिरतो, पातं आपोआप बाजूला चालू लागतं आणि मागे मळसूत्राची रेघ सोडतं. अशा कित्येक रेघा पाडायच्या, तपासायच्या, त्यातली सगळ्यात सरळ चाल निवडायची, तिच्यावरून पोलादी स्क्रू, त्याच्या चुका शोधून दुसरा, त्याच्याहून बरा तिसरा. चांगलं हत्यार नसताना, आहे त्या हत्यारातून त्याच्याहून चांगलं हत्यार काढायचं. यातून पुढे त्यानं खगोलशास्त्राच्या उपकरणांवर खुणा पाडण्यासाठी एक स्क्रू केला, 5 फूट लांब, 2 इंच जाड, इंचाला 50 आटे. त्याचा नट 12 इंच लांब होता, म्हणजे एका वेळी 600 आटे एकमेकांत बसलेले. एका आट्यातली चूक बाकीचे सांभाळून घेतात.

या स्क्रूंनीच त्याला सगळ्यात मोठं काम मिळवून दिलं. दुकानाच्या खिडकीत त्यानं नमुन्याचे स्क्रू मांडले होते. एक फ्रेंच गृहस्थ ते बघून थबकले आणि त्यांनी आपला मित्र मार्क ब्रुनेल याला सांगितलं. ब्रुनेलनं एका गुपित यंत्राची ड्रॉइंग्ज आणून दिली, कशाची ते सांगितलं नाही. दोन-तीन खेपांनी आणखी ड्रॉइंग्ज आली तेव्हा हेन्रीनं स्वतःच ओळखलं, की हे जहाजाच्या कप्प्या बनवायचं काम आहे.

शिडाच्या जहाजाला दोर ओढायला लाकडी कप्प्या लागतात. एका मोठ्या लढाऊ जहाजाला सुमारे 1,000, आणि इंग्लंडच्या आरमाराला वर्षाला 1 लाखाच्या आसपास. वर नेपोलियनशी युद्ध चालू. हेन्रीनं 1802 पासून पुढची 6 वर्षं पोर्ट्समथच्या गोदीसाठी 45 च्या आसपास यंत्रं बनवून दिली. प्रत्येक यंत्र एकच काम करणारं : एक लाकूड कापतं, एक भोक पाडतं, एक खाच घेतं. 1808 साली तिथे 1,30,000 कप्प्या निघाल्या, आणि जिथे आधी 110 कसबी माणसं लागायची तिथे 10 साधे कामगार पुरू लागले. एकाच तऱ्हेचा माल एकामागोमाग यंत्रांवर काढायचा, याचं हे पहिल्या काही उदाहरणांतलं एक. त्या 100 कसबी माणसांचं पुढे काय झालं हे मात्र मला कुठे वाचायला मिळालं नाही. काही यंत्रं 150 वर्षं चालली, आणि काही आजही लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहेत.

1810 मध्ये कारखाना थेम्सच्या दक्षिणेला लँबेथला गेला आणि फार मोठा झाला. पुढे जोशुआ फील्ड भागीदार झाला. वाफेची इंजिनं, जहाजांची इंजिनं, थेम्सच्या खालून बोगदा खणायला ब्रुनेलला लागलेली लोखंडी ढाल, सगळं तिथे झालं. 1825 साली एंटरप्राइज नावाची आगबोट इंग्लंडहून कलकत्त्याला आली, तिचं इंजिन याच कारखान्यातलं. हे सगळं मी भराभर सांगतोय, कारण मला थांबायचंय ते लँबेथच्या बाकांवर.

तिथल्या कारागिरांच्या बाकावर एक लोखंडी सपाट प्लेट असायची. सपाट म्हणजे बघून सपाट नव्हे. तिच्यावर रंगाचा पातळ हात फिरवायचा, जॉब तिच्यावर घासायचा, जिथे रंग लागला तो भाग उंच, तेवढाच खरवडायचा, पुन्हा घासायचं. काका म्हणाले, आम्ही शिकाऊ असताना याला शेंदूर वापरायचो. मारुतीचा शेंदूर आणि फिटरचा शेंदूर एकच! आणि ती प्लेट मुळात सपाट आहे हे कशावरून? दोन प्लेटा एकमेकींवर घासल्या तर एक खोलगट आणि दुसरी तितकीच फुगीर असूनही त्या गोडीगुलाबीनं बसतील. म्हणून तीन प्लेटा घ्यायच्या आणि आलटूनपालटून प्रत्येक जोडी घासायची. तिन्ही जोड्या बसल्या तर तिन्ही सपाट असल्याशिवाय गत्यंतर नाही. पुढे व्हिटवर्थच्या नावानं प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीची मुळं लँबेथच्या बाकांवर आहेत.

मोजमापावरून भांडण झालं तर शेवटचा निकाल द्यायला हेन्रीकडे एक बाकावरचा मायक्रोमीटर होता, 1805 च्या सुमाराचा. त्याला सगळे लॉर्ड चॅन्सेलर म्हणायचे, म्हणजे देशाचा सर्वोच्च न्यायाधीश. त्याच्या स्क्रूला इंचाला 100 आटे आणि चाकावर 100 खुणा. म्हणजे एक खूण इंचाचा 10,000 वा भाग, अडीच मायक्रॉन. आपल्या मेट्रॉलॉजी लॅबमधल्या साध्या मायक्रोमीटरला अर्ध्या मिलिमीटरचा आटा आणि 50 खुणा, म्हणजे एक खूण 10 मायक्रॉन. निदान खुणांच्या हिशोबानं, 200 वर्षांपूर्वीचं ते उपकरण आपल्यापेक्षा 4 पट बारीक मोजत होतं. आणि मी बेअरिंगची जागा फूटपट्टीनं मोजली होती.

आणखी एक गोष्ट. त्या काळी प्रत्येक बोल्टाला त्याचाच नट असायचा. खोलले की जोडीला चिठ्ठी बांधून ठेवायची, नाहीतर पुन्हा बसायचे नाहीत. हेन्रीनं आपल्या कारखान्यापुरते टॅप आणि डाय यांचे माप ठरवून टाकले. त्याच्याकडे काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थनं 1841 साली तोच विचार देशभर नेला : 55 अंशांचा आटा, ठरलेल्या मापाला ठरलेले आटे. हे जुनं प्रकरण वाटत असेल तर आपल्या बाथरूममधला गळका नळ बघा. त्याचे अर्धा इंची पाइपचे आटे, इंचाला 14, आजही व्हिटवर्थच्याच 55 अंशांचे आहेत. तो गळतो यात मात्र व्हिटवर्थचा दोष नाही, प्लंबरनं पांढरी टेप वाचवली आहे.

1829 साली एडिंबराचा जेम्स नास्मिथ हा 20 वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर हेन्रीकडे आला. हेन्रीनं फी देऊन शिकणारे विद्यार्थी घेणं बंद केलं होतं, कारण असल्या श्रीमंत पोरांनी त्याला पुरेसा ताप दिला होता. नास्मिथनं स्वतः बनवलेलं छोटं वाफेचं इंजिन आणि ड्रॉइंग्ज पुढे केली. हेन्री ते बघून परत आला आणि त्याला थेट स्वतःच्या खासगी वर्कशॉपमध्ये मदतनीस म्हणून घेतलं. पगार आठवड्याला 10 शिलिंग. वडिलांकडे पैसे मागायचे नाहीत असं नास्मिथनं ठरवलं होतं, आणि बाहेरचं जेवण परवडेना, म्हणून त्यानं स्वतः डिझाइन करून दिव्यावर चालणारी एक छोटी शेगडी बनवून घेतली. सकाळी त्यात मांस-बटाटे लावून कामावर जायचं, संध्याकाळी येईपर्यंत रस्सा तयार. आपल्या विंगमध्ये इंडक्शन लपवून मॅगी करणाऱ्यांनी या थोर पूर्वजाला नमस्कार करावा. हाच नास्मिथ पुढे वाफेच्या हातोड्यामुळे जगभर गाजला.

हेन्री कसा होता हे आपल्याला कळतं ते बरंचसं नास्मिथच्या लिखाणावरून. 6 फुटांहून उंच, धिप्पाड, हसरा, मस्करी करणारा. धातूचा एकेक तुकडा कशासाठी आहे ते विचारायचा, उत्तर नसेल तर काढून टाक म्हणायचा. आतले कोपरे टोकदार ठेवू द्यायचा नाही, गोल करायला लावायचा, कारण भेग तिथूनच सुरू होते. रविवारी सकाळी कारखाना रिकामा असताना एकटाच हातात खडू घेऊन फिरायचा, प्रत्येकाचं काम बघायचा आणि बाकावरच शेरा लिहून जायचा. सोमवारी माणूस आला की आधी बाक बघायचा.

शेवटच्या वर्षांत त्याला आकाशाचं वेड लागलं होतं. 2 फूट व्यासाच्या आरशाची दुर्बीण करायचं मनात होतं. 1831 च्या सुरुवातीला तो फ्रान्समध्ये आजारी मित्राला भेटायला गेला, परतताना खाडीत थंडी बाधली, आणि 14 फेब्रुवारी 1831 रोजी गेला. वय 59. वुलिचलाच पुरलं, वर त्यानं स्वतः डिझाइन केलेलं ओतीव लोखंडाचं स्मारक. दुर्बीण राहिली.

मी यादी लिहून दिली. व्हाइस. ग्रॅनाइटची 300 बाय 300 ची सरफेस प्लेट. हाइट गेज. 0 ते 25 चा मायक्रोमीटर. डायल गेज, मॅग्नेटिक स्टँडसह. बाकावरचं ड्रिल मशीन. टॅप फक्त 3 मापांचे, एम 3, एम 4 आणि एम 5, आणि त्यांचे 2.5, 3.3 आणि 4.2 चे ड्रिल डझनावारी, कारण ते तुटतात. रोबोवर या 3 मापांशिवाय चौथा स्क्रू दिसणार नाही. इलेक्ट्रॉनिक्सवाले 2 दिवस माझ्याशी बोलले नाहीत. प्रिंटर वाईट नाही, तो पुढच्या वर्षी घेऊ, पण त्यातून निघालेला भाग ठेवून तपासायला आधी ही प्लेट हवी, एवढंच मी म्हणालो. लेथ घेतला नाही, कारण वर्कशॉपमध्ये आहे, आणि काका आहेत.

नव्या प्लेटांची भोकं आम्ही त्याच लेथवर केली. दोन्ही प्लेटा एकावर एक बोल्टनं आवळल्या, चार जबड्यांच्या चकमध्ये डायल गेज लावून जुळवायला मला दीड तास लागला, काकांना बहुधा 10 मिनिटं लागली असती, पण त्यांनी हात लावला नाही. मग एकाच सेटिंगमध्ये दोन्हींतून बेअरिंगसाठी 22 मिलिमीटरचं बोअर. शाफ्ट बोटानं फिरवला तर सोडल्यावरही फिरत राहिला. आम्ही चहा प्यायला गेलो.

परत आलो तेव्हा काका घरी गेले होते. बाकावर, प्लेटेच्या शेजारी, खडूनं लिहिलं होतं : 0.03 मोठं, बेअरिंग सैल बसेल, पुन्हा करा.